एल्क, तीरकामठा आणि साठ यार्डांची चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या रॉकी पर्वतात पारंपरिक धनुष्याने होणाऱ्या एल्कच्या शिकारीवर मोठा लेख आला. मराठीत हा विषय क्वचितच येतो, त्यामुळे त्याला पान मिळाले याचा आनंद झाला. पण लेखातल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत. एल्कचे भाषांतर ‘बारशिंगा’ असे झाले आहे. साठ यार्डांवरून धरलेला नेम हे कौशल्याचे लक्षण म्हणून सांगितले आहे. आणि बाण लागताच जनावर ‘धक्क्याने जागीच कोसळते’ असे म्हटले आहे. पहिली चूक शब्दाची आहे. उरलेल्या दोन मात्र अशा समजुती आहेत, की त्यांच्यापायी जनावर जखमी होऊन झाडीत निघून जाते आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाचे. बारशिंगा हे कान्हाच्या गवताळ मैदानांतले आणि दुधवाच्या दलदलीतले आपले हरीण. एल्क म्हणजे सर्व्हस कॅनाडेन्सिस. त्याला ‘वापिटी’ असेही म्हणतात. हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘पांढऱ्या पार्श्वभागाचा’. युरोपात ‘एल्क’ म्हटले की मूस समजतात, तो प्राणीच वेगळा. भारतात एल्कचा जवळचा नातेवाईक म्हणजे काश्मीरमधल्या दाचीगामचा हंगुल. आपल्या सह्याद्रीतले सांबर आकाराने त्यातल्या त्यात जवळ जाते, पण पूर्ण वाढीचा एल्क नर तीनशे किलोंच्या घरात असतो आणि खांद्याशी पाच फूट भरतो. मराठीत सरळ ‘एल्क’ लिहावे. ‘बारशिंगा’ वाचल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जेमतेम वाचवलेले भारतीय हरीण येते आणि सगळ्या लेखाचा अर्थ बदलतो.

आता धक्क्याचे. पन्नास पौंड ओढीच्या, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, लाँगबोमधून (लांब, साध्या पारंपरिक धनुष्यातून) सुटलेला ३५ ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा ४४ ज्यूलच्या आसपास भरते. थर्टी-ऑट-सिक्स रायफलची गोळी नळीबाहेर पडताना ३,८०० ज्यूलच्या घरात असते, म्हणजे ऐंशीपटींहून जास्त. तीनशे किलोंच्या जनावराला ४४ ज्यूलचा धक्का जाणवतही नाही. पुष्कळदा बाण आरपार गेल्यावर एल्क दचकून चार उड्या मारते, थांबते, मागे वळून बघते. बाण मारतो तो कापून. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पाते गेले तर रक्तस्राव होऊन आणि फुप्फुसे मिटून जनावर थोड्याच वेळात, बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडते. पाते बोथट असेल तर रक्तवाहिन्या न तुटता बाजूला सरकतात, आणि तोच बाण त्याच जागी लागूनही जनावर हाती येत नाही.

साठ यार्डांची भाषा कंपाउंड धनुष्याबरोबर आली. मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी या धनुष्याच्या, म्हणजे टोकांना पुली बसवलेल्या धनुष्याच्या, पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळाले. त्या धनुष्यात पूर्ण ओढीला हातावरचा भार बराचसा उतरतो, नेमाला पिना असतात, दोरी बोटांऐवजी यंत्राने सोडतात. पारंपरिक म्हणजे यातले काहीच नसलेले: एकाच लाकडाचा सेल्फ बो, लाँगबो किंवा टोके उलट वळलेला रिकर्व्ह. पूर्ण ओढल्यावर सगळे पन्नास पौंड बोटांवर असतात आणि दोन-तीन सेकंदांपलीकडे ते नीट पेलता येत नाहीत.

आणि बाण खाली येतो, हे विसरून चालत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. वरच्या वेगाचा बाण १८ मीटरला म्हणजे वीस यार्डांना बरोबर बसेल असा सराव असेल, आणि जनावर प्रत्यक्षात २३ मीटरवर असेल, तर बाण वीसेक सेंटिमीटर खाली लागतो. २७ मीटरवर असेल तर जवळजवळ अर्धा मीटर खाली. एल्कच्या फुप्फुसांची उभी जागा साधारण एक फूट. म्हणजे नेम मधोमध धरला तरी अंतराच्या अंदाजात पाच मीटरची चूकही खपत नाही, नऊ मीटरची तर नाहीच. साठ यार्ड जायला बाणाला एक सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी, सेकंदाच्या सहाव्या भागात पोहोचतो. तेवढ्यात एल्कने एक पाऊल पुढे टाकले तरी फुप्फुसावर धरलेला बाण कोठ्यात जातो. म्हणून जाणते पारंपरिक शिकारी वीस यार्डांच्या आतच बाण सोडतात, आणि बरेच जण पंधरालाच थांबतात. स्वतःचा पल्ला ठरवण्याची त्यांची रीत साधी आहे: दिवसाचा पहिला बाण, हात-खांदे गरम न करता, आठ इंची बशीएवढ्या गोलात ज्या अंतरावरून रोज बसतो, तेवढाच आपला पल्ला. तिसऱ्या-चौथ्या बाणाला नेम जमला तर तो हिशेबात धरत नाहीत. डोंगरात दुसरा बाण क्वचितच मिळतो.

धनुष्य निवडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे अंगावर लिहिलेला आकडा खरा मानणे. तो आकडा दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो. ज्याचा हात दोरी २६ इंचच ओढतो त्याच्या हातात पन्नास पौंडांचे धनुष्य पंचेचाळीसचेच भरते, कारण दर इंचामागे अडीच-तीन पौंड कमी होतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी कायद्याने किमान ३५ पौंड ओढ लागते. एल्कसाठी मात्र ४५ ते ५५ पौंडांचे धनुष्य बहुतेक जाणकार योग्य मानतात. पासष्ट-सत्तर पौंडांचा हट्ट बरा नाही. थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर ते धनुष्य पूर्ण ओढले जात नाही, दोरी अर्ध्यावरच सुटते आणि बाण खाली जातो.

खरी मेहनत बाणावर करावी लागते. ओढीच्या प्रत्येक पौंडामागे नऊ ते अकरा ग्रेन वजन, म्हणजे पन्नास पौंडांना ४५० ते ५५० ग्रेन, २९ ते ३६ ग्रॅम. हलका बाण झपाट्याने जातो, पण बरगडीवर अडतो, शिवाय धनुष्याचा आवाज वाढवतो. दांड्याचा ताठरपणा, ज्याला सगळे स्पाइन म्हणतात, धनुष्याशी जुळावा लागतो. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही, वाकून धनुष्याला वळसा घालतो आणि पुढे सावरतो. ताठर दांडा उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे नेतो, लवचिक दांडा उजवीकडे. तपासायचे कसे? एका बाणाची पिसे काढून टाकावीत आणि वीस यार्डांवरून पिसांच्या बाणांबरोबर तोही मारावा. बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर दांडा ताठर आहे: तो लांब ठेवावा किंवा टोक जड करावे. उजवीकडे लागला तर उलट. वर लागला तर दोरीवरची बाणाची खाच बसवण्याची खूण थोडी वर घ्यावी, खाली लागला तर खाली. या तपासणीला एक संध्याकाळ लागते. ती टाळली तर पुढे पाते लावल्यावर बाण कुठेही भरकटतो, कारण पाते हवेत आणखी एका पिसासारखे वागते, पण पुढच्या टोकाला.

पिसे टर्कीची, चार-पाच इंच लांब, तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली. डाव्या-उजव्या पंखांची मिसळ केली तर बाणाचे फिरणे बिघडते. प्लॅस्टिकची पिसे इथे चालत नाहीत. पारंपरिक धनुष्यात बाण मुठीवरच्या काठाला घासून जातो. खरे पीस तिथे दबते, प्लॅस्टिकचे बाणाला उडवते. पावसात मात्र खरे पीस भिजून आडवे पडते, तेव्हा त्याला पाणी न धरणारी भुकटी चोळून ठेवतात.

पात्याबद्दल लेखात एक ओळ होती. खरे तर सगळा भर तिथेच हवा होता. कोलोरॅडोचा नियम किमान सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटर रुंदीचे आणि दोन पोलादी धारांचे पाते मागतो. पारंपरिक धनुष्याला दोन पात्यांचे स्थिर टोक बरे: ऊर्जा कमी असताना ते आत जास्त जाते. उघडमीट करणारी टोके इथे टाळावीत, कारण उघडण्यातच बाणाची शक्ती खर्च होते. नवे पाते खोक्यातून काढून तसेच वापरू नये. आधी कानस, मग धारेचा दगड, शेवटी न्हाव्याकडे असतो तसा चामडी पट्टा, आणि हातावरचे केस सहज निघेपर्यंत थांबायचे नाही. पाते दांड्यावर बसवले की बाणाचे टोक टेबलावर टेकवून भिंगरीसारखे फिरवून बघावे. थरथरले तर बसवणे वाकडे आहे. धार गेली ती बहुधा भात्यात: पाती एकमेकांना लागतात, प्रवासात घासतात, दवाने गंजतात. पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा आणि रोज रात्री धार पाहावी.

आता डोंगर. एल्कचा माज सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो. धनुष्याचा हंगामही बहुतेक राज्यांत तेव्हाच. नर लांब, चढत जाणारी शीळ घालतात. तिला तिथे ब्यूगल म्हणतात. मादीचा आवाज छोटा, म्याव केल्यासारखा. शिकारी तोंडातल्या पडद्याने दोन्ही आवाज काढतात. मात्र आवाज काढणारा आणि धनुष्य धरणारा एकाच जागी बसले तर नर नेमका त्या दिशेला डोळे लावून येतो. म्हणून आवाज काढणारा तीस-पन्नास यार्ड मागे बसतो. येणारा नर सरळ येत नाही. वास घेण्यासाठी तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. धनुष्यवाल्याने त्याच वळशावर बसायचे असते. झुडपाच्या मागे नव्हे, पुढे बसायचे: मागे झाडी असली की आकृती विरते आणि बाणाला वाट मोकळी राहते.

वाऱ्यात सगळ्यांत जास्त फसगत होते. डोंगरात पहाटे गार हवा उताराने खाली वाहते. ऊन चढले, साधारण नऊ-दहा वाजले, की तीच हवा वर चढू लागते, आणि संध्याकाळी पुन्हा उलटते. म्हणून पहाटे जनावराच्या खालून वर जावे, दुपारनंतर वरून यावे. मधल्या उलटण्याच्या तासाभरात हवा गोल गोल फिरते. त्या वेळी एका जागी बसून राहणे शहाणपणाचे. बाटलीतली भुकटी दर काही मिनिटांनी हवेत सोडून बघतात. कपड्यांच्या रंगांवर हजारो रुपये घालणारे पुष्कळ भेटतात, पण एल्कच्या नाकापुढे रंगाचा उपयोग नाही.

दोरी कधी ओढायची हाही प्रश्न असतो. जनावराचे डोके झाडाच्या बुंध्यामागे गेले, की तेवढ्या क्षणात ओढायची. लाँगबो साडेपाच फुटांहून लांब असतो. गुडघ्यावर बसल्यावर त्याचे खालचे टोक जमिनीला किंवा मांडीला लागते, म्हणून धनुष्य तिरपे धरण्याचा सराव हवा. जाड बाहीला दोरी लागते आणि बाण फेकला जातो, म्हणून सराव त्याच कपड्यांत करावा. चढ-उतारावर कमरेतून वाकावे, खांदे आणि हात यांची काटकोनी ठेवण मोडू देऊ नये. उतारावर हातच खाली नेला तर ओढ आखडते.

बाण सोडायचा तो जनावर पूर्ण आडवे असताना किंवा किंचित पाठमोरे असताना. जवळचा पुढचा पाय पुढे पडलेला असावा, म्हणजे फऱ्याचे (खांद्याचे) हाड वाटेतून सरकते. नेम पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. पाठमोऱ्या जनावरावर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाण निघेल असा धरावा. समोरून येणाऱ्या नरावर बाण सोडू नये. छातीचे हाड, फरा आणि मानेचा खालचा भाग मिळून पन्नास पौंडांचा बाण थांबतो. अठरा यार्डांवर आलेला, पण समोर तोंड केलेला नर सोडून देणे हाच या विद्येचा सर्वांत अवघड धडा आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

बाण लागल्यावर धावत जाऊ नये. जनावर शेवटचे दिसले ती जागा लक्षात ठेवावी, बाण सापडला तर त्यावरचे रक्त बघावे. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबून माग काढावा. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत: चार ते सहा तास. हिरवट, वास येणारे म्हणजे कोठा: आठ-बारा तास त्या बाजूला फिरकूच नये. घाई केली तर आडोशाला बसलेले जनावर उठते आणि दरीपलीकडे जाते. मागावरच्या प्रत्येक ठिपक्याजवळ रंगीत फीत बांधतात. ठिपके दिसेनासे झाले तर मागच्या फितींची ओळ दिशा सांगते.

जनावर पडले की उरतो तो मांसाचा प्रश्न. पूर्ण वाढीच्या नराचे हाडांविना मांस ८०-१०० किलो भरते आणि गाडीची वाट पुष्कळदा काही मैलांवर असते. म्हणजे पाठीवरून चार-पाच खेपा, त्या अडीच-तीन हजार मीटर उंचीवर. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. मुंबईहून थेट गेलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या हातीही चढ चढवत नाही. सप्टेंबरच्या उन्हात मांस आतून नासते, सगळ्यांत आधी मागच्या मांडीत हाडाजवळ. म्हणून लगेच कातडे काढून, चारही पाय वेगळे करून, जाळीदार पिशव्यांत सावलीला, वारा लागेल असे टांगतात. मांस रानात टाकून देणे तिथे गुन्हा आहे. हरणांना होणारा जो मेंदूचा रोग कोलोरॅडोत १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला, त्यामुळे मेंदू आणि मणक्याला हात न लावता काम करण्याची आणि मांस तपासून घेण्याची रीत पडली आहे.

हे सगळे तिथे चालते, कारण त्यामागे व्यवस्था आहे: मोजणी, परवाने, ठरलेला हंगाम. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत शिकारीचे शिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि १९७२ मध्ये त्यात तिरंदाजीचे साहित्यही आले. आपल्याकडे त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो शिकारीला, नुसत्या प्रयत्नालाही बंदी करतो. त्याच्या ‘शस्त्र’ या व्याख्येत धनुष्य-बाण नाव घेऊन आलेले आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. बोरिवलीच्या उद्यानात किंवा येऊरच्या रानात भाता पाठीला लावून ‘नुसता सराव’ करायला जाणाऱ्या मुलांना हे सांगायला हवे. असे लेख वाचून, चित्रफिती बघून ती जातात.

आणि ही मुले थेट पन्नास पौंडांचे धनुष्य ऑनलाइन मागवतात. मोठ्या माणसानेही २५-३० पौंडांवर सुरुवात करावी आणि काही महिने ढब बसल्यावर पाच-पाच पौंड वाढवावेत. तसे न करणाऱ्यांचे खांदे पहिल्या वर्षातच दुखावतात. बाण न लावता दोरी सोडू नये, एका फटक्यात धनुष्याच्या भुजा तडकू शकतात. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये, थरांचा डिंक सुटतो. दोरी चढवताना दोरीचाच चढवणीपट्टा वापरावा, पायात अडकवून वाकवले की रिकर्व्हची भुजा पिळते. इमारतीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये एकही बाण मारू नये. पन्नास पौंडांचा बाण चुकला तर शंभर मीटरपलीकडेही माणसाच्या शरीरात शिरतो.

पारंपरिक धनुष्याची हौस मुंबईत भागवता येते. जिल्हा तिरंदाजी संघटनांच्या मैदानांवर बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड चालतो. थ्रीडी प्रकारात प्राण्यांच्या फोमच्या आकृत्यांवर, न सांगितलेल्या अंतरांवरून बाण मारतात आणि लाँगबोसाठी कमाल अंतर तीस मीटर असते. वर लिहिलेले सगळे अंदाज, ठेवणी आणि थांबणे तिथेच शिकता येते. बांबूचे म्हणाल तर अमेरिकेतले कितीतरी लाँगबो कारागीर आजही आत बांबूच्या पट्ट्या वापरतात, आणि आपल्याकडे भिल्लांच्या कामठ्याला प्रत्यंचासुद्धा बांबूच्याच सालीची असते.

लेखाचा उत्तरार्ध येत्या रविवारी येणार असल्याचे पुरवणीत लिहिले आहे. त्याच्यासोबत दुरुस्तीची चौकट छापावी, ‘बारशिंगा’ काढून ‘एल्क’ करावे, आणि साठ यार्डांच्या जागी वीस यार्ड लिहावेत, ही विनंती.

आपला,
एक तिरंदाज वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई